लहान नियम, पक्की सवय

चातुर्मास सुरू झाला की घराघरांतील मुले उत्साहाने नियम घेतात. कोणी रात्रिभोजनाचा त्याग करते, कोणी रोज सामायिक करण्याचे ठरवते, तर कोणी मोबाइलचा वेळ आवरते. पर्युषणापर्यंत हा उत्साह टिकतो. पुढे दिवाळी जवळ येते, दुकानातील गर्दी वाढते, घरच्या जेवणाच्या वेळा बदलतात आणि कार्तिकी पौर्णिमेपर्यंत बरेच नियम मागे पडलेले असतात. मग दोष मुलांच्या चंचलतेला दिला जातो. वस्तुतः नियम एका क्षणात घेता येतो. सवय लागायला मात्र दिवस द्यावे लागतात.

किती दिवस? एकवीस दिवसांत सवय लागते, असा समज सर्वत्र रूढ आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ प्रौढ स्वयंसेवकांचा अभ्यास केला. तो २०१० मध्ये छापून आला. प्रत्येकाने एकच साधी कृती निवडून ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला जोडली होती. ती सहज होऊ लागण्यास साधारणतः ६६ दिवस लागले. परंतु कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. हा अभ्यास मुलांचा नसला, तरी पंधरवड्यात निराश होणाऱ्या पालकांना त्यातून धीर मिळावा.

कृती प्रसंगाला जोडणे, हे त्यातील मर्म व्यापारी कुटुंबास नवे नाही. दुकान उघडले की आधी झाडलोट, मग दिवाबत्ती, मग गादीवर बसणे, हा क्रम कोणाला आठवून करावा लागत नाही. मुलांच्या दिवसालाही असाच क्रम हवा. ‘रोज वाचन कर’ हा उपदेश हवेत विरतो. ‘शाळेतून आल्यावर हातपाय धुऊन दहा मिनिटे वाचायचे’ हे मुलाला नेमके कळते. घड्याळाची वेळ सणासुदीला चुकते, हातपाय धुणे चुकत नाही.

नियम लहान असावा, हे तर परंपरेनेच शिकवले आहे. नवकारसीचे पच्चक्खाण सूर्योदयानंतर केवळ ४८ मिनिटांचे, म्हणजे दोन घटकांचे असते. उपवास न झेपणारे मूलही ते पाळू शकते. विशेष म्हणजे त्या पच्चक्खाणातच ‘आगार’, म्हणजे सवलती सांगितल्या आहेत. अनाभोगाने, म्हणजे विसरून, अथवा सहसाकाराने, म्हणजे अकस्मात काही तोंडात गेले, तर नियम मोडला असे मानलेले नाही. मनुष्य विसरणार, हे नियम देतानाच गृहीत धरले आहे.

पालक नेमके हेच गृहीत धरत नाहीत. एक दिवस चुकला की ‘तुझ्याने काही व्हायचे नाही’ असे बोल मुलाला ऐकावे लागतात. लंडनच्या अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष बाधा आली नव्हती. बोलणी खाणारे मूल मात्र दुसऱ्या वेळी चूक लपवू लागते. नियम शिकवता शिकवता खोटे बोलण्याची सवय लागली, तर तो सौदा फार महाग पडतो. रोजकीर्दीत एखाद्या दिवशी तोटा लिहावा लागला, म्हणून कोणी दुकान बंद करत नाही. पण खोटी नोंद झाली, तर सारी खतावणी बिघडते. मुलाने वहीत ‘आज राहिले’ असे खरे लिहिले, तर त्या खरेपणाचे कौतुक व्हावे.

बक्षिसांबाबतही सावधपणा हवा. प्रत्येक सामायिकाला दहा रुपये लावले की मूल लवकरच भाव वाढवून मागते आणि पैसे थांबताच सामायिकही थांबते. त्यापेक्षा आजी-आजोबांनी शेजारी बसणे, वडिलांनी रात्री घरी आल्यावर ती वही आस्थेने पाहणे, हे अधिक उपयोगी पडते. जेवताना वडिलांच्या हातातील फोन बाजूला राहिला नाही, तर मुलाचाही राहणार नाही.

एका वेळी एकच नियम, त्याला दिवसातील एक ठरलेली जागा, आणि चुकल्यास दुसऱ्या दिवशी न रागावता पुन्हा आरंभ, एवढे घराने पाळावे. पहिला नियम मुलाच्या अंगवळणी पडला, की दुसरा तेच सुचवील.