‘असंच असतं’ हे उत्तर नाही!

पी.एल. चालू असताना हॉस्टेलच्या कुठल्याही रूममध्ये जा आणि एकच प्रश्न विचारून बघा: “हा फॉर्म्युला असाच का?” उत्तर ठरलेलं! “असंच असतं गं बाई, पाठ कर आणि झोप.” गंमत अशी, की मेसच्या भाजीत आज काय घातलंय यावर हीच मंडळी अर्धा तास पुरावे मागत बसतात. भाजीला पुरावा लागतो आणि गणिताला नाही? कारण आपली पक्की समजूत आहे, की गणितात सगळं कुणीतरी आधीच शंभर टक्के ठरवून ठेवलंय. आपण फक्त आकडे टाकायचे.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे भूमितीच्या प्रमेयाखाली ‘हेन्स प्रूव्हड’ लिहायची सवय होती. मराठी शाळेतल्या माझ्या मैत्रिणी ‘सिद्ध झाले’ लिहायच्या. बारावीनंतर दोन्हीही बंद झालं आणि राहिला तो फक्त रट्टा. माझं मत स्पष्ट आहे. गणितातली खात्री सिद्धतेतून येते. सिद्धता गाळून नुसतं सूत्र उचललं, तर आपल्या हातात श्रद्धा राहते, ज्ञान नाही. श्रद्धेवर पेपर सुटेल, पूल उभा राहणार नाही.

आपण एखादी गोष्ट खरी का मानतो? एक तर ती कुणा मोठ्या माणसाने सांगितलेली असते, नाहीतर ती आजवर कधी चुकलेली नसते. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या देवगाव फाट्यावर कुणालाही एस.टी.बद्दल विचारा. “येणारच, रोज येते की!” आता रोज येते हे अगदी खरं. पण म्हणून आज येणारच, हे काही त्यातून सिद्ध होत नाही. ज्याची परीक्षा बुडते त्याला हा फरक चांगला कळतो!

मग मोठ्या माणसाच्या शब्दाचं काय? इथे आपल्याच एका मराठी माणसाची गोष्ट सांगायला हवी.

ज्याचा फॉर्म्युला आपण एम-वनमध्ये पाठ करतो, त्या ऑयलरने १७८२ मध्ये एक कोडं मांडलं. ६ पलटणी, प्रत्येकीतून ६ वेगवेगळ्या हुद्द्यांचे अधिकारी, एकूण ३६. त्यांना ६ बाय ६ च्या चौकोनात असं उभं करा, की प्रत्येक आडव्या आणि उभ्या रांगेत प्रत्येक पलटण एकदाच आणि प्रत्येक हुद्दाही एकदाच येईल. ऑयलरला ते जमेना. विषम संख्यांचे चौकोन जमत होते, ४ ने भाग जाणाऱ्या संख्यांचेही जमत होते. पण २, ६, १०, १४ अशा, ४ ने भागल्यावर बाकी २ उरणाऱ्या संख्या अडून बसल्या. २ चा चौकोन होत नाही हे कुणालाही दिसतं. ऑयलरने अंदाज बांधला, की या जातीतली कुठलीच संख्या जमणार नाही.

१९०० च्या सुमारास गॅस्टन टॅरी नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी ६ च्या सगळ्या शक्यता हाताने तपासल्या आणि ६ साठी ऑयलर बरोबर ठरला. झालं! लोकांचा विश्वास आणखी घट्ट झाला. पूर्ण अंदाज सिद्ध केल्याचे दावेसुद्धा छापून आले, पुढे त्यांत चुका निघाल्या. १९५० च्या दशकात संगणकावर १० चा चौकोन शोधून पाहिला, तोही सापडला नाही. म्हणजे बघा, नाव ऑयलरचं आणि पुरावाही त्याच्याच बाजूचा. आपण असतो तर केव्हाच ‘असंच असतं’ म्हणून मोकळे झालो असतो!

पण १९५९ मध्ये राज चंद्र बोस आणि शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांनी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात असताना २२ चा चौकोन रचून दाखवला. अर्नेस्ट पार्कर यांनी १० चा दाखवला. मग तिघांनी मिळून सिद्ध केलं, की २ आणि ६ सोडले तर बाकी सगळ्या संख्यांचे असे चौकोन होतात. १७७ वर्षांचा अंदाज कोसळला. न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली आणि तिघांना ‘ऑयलर्स स्पॉइलर्स’ हे नाव पडलं. श्रीखंडे सरांचा जन्म १९१७ चा, सागरमधला. शिक्षण नागपूरच्या सायन्स कॉलेजात. पुढे ते मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले आणि २०२० मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी गेले. आपल्यापैकी किती जणांनी त्यांचं नाव ऐकलंय? बरं, हे चौकोन नुसती करमणूक नव्हेत. आपल्या परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. शेतीचं शिक्षण घेणाऱ्यांना विचारा, वाणांच्या चाचणीत जमिनीचा कस कमीजास्त असल्याचा परिणाम काढून टाकायला लॅटिन चौरसाची मांडणी शिकवतात. हे चौकोन म्हणजे एकमेकांवर ठेवलेले दोन लॅटिन चौरसच.

आता कुणी म्हणेल, सगळं तपासून पाहिलं तर खात्री नाही का होणार? होते ना, पण ‘सगळं’ संपणारं असेल तरच! देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकर गुरुजींचा ६१७४ घ्या. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा आणि हेच करत राहा. ३५२४ वरून ३०८७, मग ८३५२, मग ६१७४! जास्तीत जास्त सात पायऱ्यांत गाडी तिथेच येऊन थांबते. इथे एकूण संख्याच दहा हजारांच्या आत. छोटासा प्रोग्राम लिहा, एकूण एक तपासा, झाली सिद्धता. याउलट २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, हा गोल्डबाखचा १७४२ चा अंदाज बघा. ४ वर १८ शून्यं इतक्या मोठ्या संख्येपर्यंत तो तपासून झालाय आणि कुठेही चुकलेला नाही. तरी गणितज्ञ त्याला अजून प्रमेय म्हणत नाहीत. हा हट्ट मला फार आवडतो.

“पण आम्हाला गणितज्ञ कुठे व्हायचंय?” हा प्रश्न येणारच. तर पुन्हा ऑयलरकडेच चला. एस.ओ.एम.मध्ये त्याचा कॉलमचा फॉर्म्युला आहे. तो बरोबरच आहे, पण ‘जर’सकट. जर कॉलम सरळ असेल, जर मटेरियल इलॅस्टिक असेल, जर तो लांब आणि सडपातळ असेल! हेच सूत्र आखूड कॉलमला लावलं, तर उत्तर खऱ्या ताकदीपेक्षा जास्त येतं. कागदावर उत्तर बरोबर आणि साइटवर कॉलम चिरडलेला. हे ‘जर’ फॉर्म्युलाच्या चौकटीत लिहिलेले नसतात, ते डेरिव्हेशनमध्ये असतात. तेच आपण ऑप्शनला टाकतो!

प्रमेयाची खात्री त्याच्या गृहीतकांच्या आतली असते. गृहीतकं खऱ्या जगाला लागू पडतात का, हे मात्र गणित सांगत नाही, ते इंजिनिअरने बघायचं. म्हणून तर आय.एस. ४५६ प्रमाणे डिझाइन करताना काँक्रीटला १.५ आणि स्टीलला १.१५ चा सेफ्टी फॅक्टर धरतो. आपली खात्री कुठे संपते, याची ती प्रामाणिक कबुलीच आहे.

तेव्हा सर आणि मॅडम, एक नम्र विनंती. व्हायवाला फॉर्म्युला विचारा, पण त्यानंतर “हा कुठे लागू पडत नाही?” एवढं एक जरूर विचारा. आणि दोस्तांनो, सगळी डेरिव्हेशन्स करा असं मी म्हणत नाही, सबमिशनचे हाल मलाही माहीत आहेत. प्रत्येक युनिटमधलं एकच डेरिव्हेशन पुस्तक मिटून करून बघा.

बघा पटतंय का. नसेल पटत तर खुशाल वाद घालायला या. पण येताना सिद्धता घेऊन या!