पोत्याचं तोंड बांधण्याआधी

यवतमाळ शहरातल्या आणि वणीपासून उमरखेडपर्यंत सोळाही तालुक्यांतल्या मांजर पाळणाऱ्यांना ही कळकळीची विनंती. डॉक्टरांनी तुमच्या मांजरीच्या कागदावर ‘फेलाइन ल्युकेमिया’ किंवा ‘एफईएलव्ही पॉझिटिव्ह’ असं लिहून दिलं असेल, तर निदान आठ दिवस तरी परत फिरवता येणार नाही असं काही करू नका. तिला पोत्यात घालून गावाबाहेर सोडू नका. दुधातून काही पाजून ‘मोकळी’ करू नका.

हे एवढ्या तातडीने सांगावं लागतं, कारण बातमी कळल्यावर पहिला सल्ला येतो तो शेजारून. “रोगट मांजर घरात ठेवता काय बाप्पा? पोट्टे आहेत घरात. टाकून या तिले नदीपल्याड.” सांगणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. घरात लहान मूल असलं की आईही घाबरते. म्हणून आधी हेच लक्षात घ्या: हा विषाणू मांजरींचा आहे, माणसाचा नाही. १९६४ साली ग्लासगोच्या विल्यम जॅरेट आणि सहकाऱ्यांनी तो शोधला. तेव्हापासून आजवर तो माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. कुत्र्याला होत नाही, गाईम्हशींना होत नाही. तुमची मुलगी तिला कुशीत घेऊन झोपत असेल तर झोपू द्या, फक्त हात धुवायची सवय ठेवा, जी एरवीही हवीच.

मांजर मारली तर काशीला जाऊन सोन्याची मांजर दान करावी लागते, असं आपल्या आज्या सांगत. त्या धाकाने कित्येक मांजरी वाचल्या असतील. पण त्यातून पळवाटही निघाली: मारायची नाही, दूर सोडून यायची. पुढे ती मेली तर पाप आपल्या माथी नाही. वाढलेली पिल्लं, चोरटा बोका, आजारी मांजर, सगळ्यांची वाट त्याच पोत्यातून जाते. निरोगी मांजर कदाचित कुठे तरी जगेलही. रक्त कमी झालेली, ताप असलेली, घरातल्या ताटलीवर वाढलेली मांजर चार दिवसांत भुकेने, तहानेने किंवा कुत्र्यांच्या तोंडी मरते. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६० सालचा आहे. उपाशी-तहानेली तडफडेल अशा ठिकाणी प्राणी सोडून देणं हा त्याच्या कलम ११ प्रमाणे गुन्हा आहे.

आणि सोडता कुठे? पांढरकवड्याकडची माणसं टिपेश्वरच्या कडेला, उमरखेडकडची पैनगंगा अभयारण्याच्या बाजूला. तिथे रानमांजर आहे, वाघाटी आहे. त्याही मांजरकुळातल्याच. अमेरिकेतल्या फ्लोरिडा पँथरमध्ये या शतकाच्या सुरुवातीला हाच विषाणू शिरला, तो पाळीव मांजरीकडून. २००७मध्ये स्पेनच्या दोन्याना भागात आयबेरियन लिंक्स याच रोगाने मेले. टिपेश्वरच्या वाघांवर आपण एवढं बोलतो, मग त्यांच्या छोट्या भावंडांच्या दाराशी हा रोग नेऊन ठेवू नये, एवढं तरी करू.

दुसरी वाट विषाची. कापसाच्या या जिल्ह्यात कीटकनाशक शोधायला बाहेर जावं लागत नाही. २०१७च्या खरिपात फवारणीच्या विषबाधेने याच जिल्ह्यात वीसेक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या औषधांनी शरीर काय भोगतं हे यवतमाळच्या माणसाला वेगळं सांगायला नको. लाळ गळते, स्नायू थरथरतात, छाती भरून येते, श्वास कोंडतो. ही सुटका नव्हे. शिवाय ते कलेवर कावळे-कुत्रे खातात आणि विष पुढे जातं.

आता रोगाविषयी. डॉक्टरांनी दोन-तीन थेंब रक्त घेऊन छोट्या प्लास्टिकच्या पट्टीवर तपासलं असेल आणि दहा मिनिटांत रेघ उमटली असेल. ती रेघ विषाणूचं प्रथिन दाखवते, आयुष्य किती उरलं ते दाखवत नाही. विषाणू शिरल्यावर काही मांजरींचं शरीर तो परतवून लावतं, काहींमध्ये तो दबून राहतो, आणि काहींच्या अस्थिमज्जेत घर करून वाढत जातो. एका पट्टीवरून यातलं नेमकं काय ते कळत नाही. पट्टी कधी चुकतेही. म्हणून मांजर बरी दिसत असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासा, जमलं तर पीसीआर करा. नागपूरचं सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था, दोन्ही ‘माफसू’ या राज्याच्या पशुविज्ञान विद्यापीठाच्या, ही विचारणा करायची ठिकाणं. यवतमाळहून लांब आहेत, आजारी मांजरीला एसटीत घेऊन जाणं सोपं नाही. त्यामुळे आधी फोन करा, मग निघा.

रक्त कमी असेल तर डॉक्टरांना आणखी एक विचारा: रक्तपेशींना चिकटणारे हिमोप्लाझ्मा जंतू आहेत का? आहेत का गोचिड्या, पिसवा? ल्युकेमियाच्या मांजरीत हे सगळं एकत्र येतं, आणि यातलं बरंच औषधाने बरं होतं. डॉक्सिसायक्लिनची गोळी दिलीत तर मागून सिरिंजने थोडं पाणी पाजा. कोरडी गोळी मांजरीच्या अन्ननलिकेत अडकून जखम करते. पिसवांसाठी कुत्र्याचं पर्मेथ्रिनवालं औषध मात्र तिच्या अंगाला लावू नका. ते तिला मारतं.

खरोखर शेवटच्या टप्प्यावर असेल तर? विषाणू अंगात मुरलेल्या बहुतेक मांजरी निदानानंतर तीनेक वर्षांत जातात. गाठी आल्या, छातीत पाणी झालं, मज्जा सुकली, तर कधी काही महिन्यांत, कधी आठवड्यांत. यावर रामबाण औषध नाही. कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर देऊ नका. डेंग्यूत देतात म्हणून पपईच्या पानांचा रस पाजायचा सल्लाही मिळेल. तो कडू रस जबरदस्तीने पाजलात की मांजर ताटलीकडेही फिरकत नाही, आणि तिला आता सगळ्यात जास्त गरज आहे ती खाण्याची.

खाण्यावर थोडं अधिक बोलते, कारण आपल्या घरात चूक इथेच होते. आपण मांजरीला काय घालतो? पोळी कुस्करून त्यावर कोंबडीचा रस्सा. त्या रश्शात कांदा-लसूण असतो. कांद्याने मांजरीच्या लाल पेशी फुटतात. आधीच रक्त नसलेल्या मांजरीला हा रस्सा म्हणजे रोज थोडं थोडं रक्त काढून घेणंच. तिच्यासाठी चिकनचे दोन तुकडे वेगळे काढून साध्या पाण्यात उकडा, मीठमसाला काही नको. किंवा उकडलेली मासोळी, काटे काढून. कोमट करून द्या, म्हणजे वास सुटतो आणि नाक चोंदलेली मांजरही तोंड लावते. कच्चं मांस, कच्चं अंडं नको. तिची प्रतिकारशक्ती ते पेलू शकत नाही. दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या, कारण उपाशी मांजरीच्या यकृतात चरबी साचते. आणि ताप आहे म्हणून पॅरासिटामॉल? अजिबात नको. माणसाची एक गोळीदेखील मांजरीचा जीव घेते. पोट्ट्याचं सिरपही नको.

रोज सकाळी एक पाहणी करा. खिडकीपाशी उजेडात तिला मांडीवर घ्या, अंगठ्याने वरचा ओठ हलकेच उचला आणि हिरड्या पाहा. गुलाबी असतील तर दिवस बरा. फिक्या, पाटीवरच्या खडूसारख्या दिसल्या तर त्याच दिवशी दवाखाना. ती झोपली असताना छातीची हालचाल मिनिटभर मोजा. चाळीसच्या वर जात असेल, किंवा तोंड उघडून श्वास घेत असेल, तर उद्यावर ढकलू नका. मे महिन्यात पारा ४४-४५वर जातो तेव्हा पाणी कमी पडू देऊ नका. डॉक्टर शिकवतील तर कातडीखाली सलाइन घरीही देता येतं: बाटली कोमट पाण्यात ठेवून सलाइन कोमट करायचं, खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलायची, सुई तिथे. पहिल्यांदा हात थरथरतो, मग बसतो.

घरात दुसऱ्या मांजरी असतील तर त्यांची तपासणी आधी करा. हा विषाणू मुख्यतः लाळेतून जातो: एकमेकींना चाटणं, एकाच वाडग्यातलं पाणी, बोक्यांचे चावे, आईच्या दुधातूनही पिल्लांत येतो. शरीराबाहेर तो काही तासांतच मरतो, साध्या साबणाने मरतो, त्यामुळे घर जाळून निर्जंतुक करायचा आव आणायची गरज नाही. भांडी वेगळी, खोली वेगळी, आणि आजारी मांजर बाहेर नाही. आपल्याकडे ‘ट्रायकॅट’ म्हणून जी लस टोचतात ती पॅनल्युकोपेनिया, हर्पिस आणि कॅलिसी यांवरची. ल्युकेमिया तिच्याने थांबत नाही. परदेशात त्याची लस १९८५पासून आहे, पण आपल्या नेहमीच्या लसीकरणात ती नाही. म्हणून आपल्या हातातलं साधन नसबंदीचं. बोका खच्ची केला की गल्लीतल्या मारामाऱ्या कमी होतात आणि त्यांच्याबरोबर चावेही.

मग एक दिवस असा येतो की ती स्वतःला चाटत नाही, ताटलीकडे पाठ करते, पलंगाखालून बाहेर येत नाही, हात लावला तर कण्हते. तेव्हा डॉक्टरांना दयामरणाचं स्पष्ट विचारा. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग शेवटचं. वेदना न होता ते होतं. विचारायची लाज वाटते, पाप वाटतं, मला माहीत आहे. पण श्वासासाठी तोंड वासलेल्या मांजरीला ‘देव नेईल तेव्हा नेईल’ म्हणून तसंच ठेवणं यात पुण्य कसलं? जमलं तर त्या वेळी तिच्याजवळ बसा. नंतर शेतात किंवा परसात हातभर नव्हे, चांगला कमरेइतका खड्डा करून पुरा. उथळ पुरलं तर कुत्री उकरतात.

आणि रडू आलं तर रडा. “मांजरीसाठी कोणी रडते काय? इथं माणसं मरून राहिले,” असं ऐकायला मिळेल. या जिल्ह्याने माणसांची मरणं पाहिली आहेत हे खरं, आणि त्यावर हलकं बोलायचा कुणाला हक्क नाही. पण एका दुःखाने दुसरं खोटं ठरत नाही. मुलांना ‘मनी मामाच्या गावाला गेली’ असं सांगू नका. ती वाट पाहत बसतात. मेली असं सांगा, खड्ड्यावर माती टाकायला त्यांनाही घ्या.

जिल्ह्यातल्या डॉक्टरांना, सरकारी आणि खाजगी दोन्ही, एक मागणं आहे. आपली दवाखान्यातली सवय गाईबैलांची, शेळ्यांची. मांजर आणली की अनेकदा “नागपूरला न्या” एवढंच ऐकू येतं. निदान ल्युकेमिया आणि एफआयव्ही (मांजरींची प्रतिकारशक्ती कमी करणारा दुसरा विषाणू) यांची जोड किट ठेवा. निरोगी, तपासलेल्या, चार किलोवरच्या मांजरींच्या पालकांची एक वही ठेवा, म्हणजे रक्त द्यायची वेळ आली तर शोधाशोध नको; मांजरींतही रक्तगट असतात आणि चुकीचा गट घातक ठरतो, तेव्हा गट तपासूनच. दर जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असावी असा २००१चा केंद्राचा नियम आहे. त्या सोसायटीने पहिला खर्च पोस्टरवर न करता या किटवर करावा. आणि दवाखान्याच्या दारावर वेळेच्या पाटीखाली एक ओळ वाढवा: मांजरींची रक्ततपासणी कोणत्या वारी होते, किती रुपयांत.