मुक्या जनावराच्या तोंडी आपलेच शब्द

छायाचित्र समोर ठेवून कुत्र्यामांजराचे मनोगत सांगण्याचे वर्ग हल्ली चालतात. प्राण्यांशी अंतर्मनाने संवाद साधता येतो, असा त्यांचा दावा. या दाव्यामागची नात्याची ओढ खोटी नाही. खोटी आहे ती पद्धत.

बर्लिनमधील 'हुशार हान्स' आठवावा. विल्हेल्म फॉन ओस्टेन यांचा हा घोडा खूर आपटून गणिते सोडवी. ऑस्कर फुंगस्ट यांनी १९०७ साली त्याचा उलगडा केला. प्रश्नकर्त्यालाच उत्तर ठाऊक नसले की घोडा चुके. अपेक्षित आकडा येताच माणसाच्या मानेत, चेहऱ्यात होणारा पुसटसा बदल तो टिपत होता. घोड्याला गणित येत नव्हते, एवढेच आपण यातून शिकलो. घोडा माणसाला वाचत होता आणि माणूस मात्र घोड्यात स्वतःचे अंकगणित शोधत होता, हे नजरेआड केले.

साहित्याचे आपण अध्यापक तरी कुठे वेगळे आहोत? व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर'ला १९८३ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वानरटोळीतील संघर्षाच्या या कादंबरीला आपण वर्गात राजकारणाचे रूपक करून टाकतो. वानरे बिचारी वर्गाबाहेरच राहतात. मनोगत सांगणारा तो आणि रूपक काढणारे आपण, दोघेही जनावराच्या तोंडी आपलेच शब्द घालतो.

गुराखी गाईच्या चालीवरून तिचे दुखणे ओळखतो. त्याचे अंतर्ज्ञान म्हणजे वर्षानुवर्षांचे पाहणे. नाते हवे असेल, तर आधी आपण गप्प बसायला शिकले पाहिजे.