परके अतिमानव आणि घरचा रिकामा पडदा

२६ एप्रिल २०१९ रोजी 'ॲव्हेंजर्स : एंडगेम' हा अमेरिकन चित्रपट भारतात प्रदर्शित झाला, तेव्हा देशातील काही चित्रपटगृहांनी चोवीस तास खेळ लावले. मध्यरात्रीच्या आणि पहाटेच्या खेळांनाही तरुणांची झुंबड उडाली. शेवट कोणी आधी फोडू नये, असे आवाहन खुद्द दिग्दर्शकांनाच करावे लागले. ही लाट आता महानगरांपुरती राहिलेली नाही. रत्नागिरीच्या मारुती मंदिर चौकात संध्याकाळी घटकाभर थांबणाऱ्यालाही कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेले सदरे आणि वटवाघळाचे चिन्ह मिरवणारी दप्तरे सहज दिसतात. चौकाला नाव मारुतीचे, मुलांच्या पाठीवर चिन्ह मात्र परक्या अतिमानवाचे!

हे दृश्य पाहून संस्कारी घरांतून एक ठरलेला उद्गार निघतो, "पाश्चात्त्यांचे अंधानुकरण!" उद्गार सोपा आहे आणि तितकाच निरुपयोगीही. सहा-सहा महिने आधीपासून एखाद्या चित्रपटाची वाट पाहणाऱ्या तरुणाचा आनंद खोटा नसतो. स्वतःहून बलवान, दुर्बलांसाठी उभा राहणारा आणि प्रसंगी प्राण देणारा कोणी असावा, ही त्याची ओढ म्हणजे वीरपूजाच होय. दोष त्या ओढीत नाही. काळजीची गोष्ट अशी की, या मुलाला परग्रहांवरील लढायांचा क्रम तोंडपाठ असतो. परंतु १६८९ च्या फेब्रुवारीत त्याच्याच जिल्ह्यातील संगमेश्वरला काय घडले, छत्रपती संभाजी महाराज तेथे कसे पकडले गेले, हे त्याला नीट सांगता येत नाही. हा अपराध मुलाचा की त्याला ते न सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांचा?

वस्तुतः या क्षेत्रात हिंदुस्थान कोणाच्या मागे नव्हता. सुपरमॅन जन्मला १९३८ साली, बॅटमॅन १९३९ साली आणि स्पायडरमॅन १९६२ साली. त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांनी मात्र १९१७ सालीच 'लंकादहन' काढून समुद्र उल्लंघणारा आणि शत्रूची नगरी जाळणारा हनुमान पडद्यावर आणला होता. रामचंद्र दिसताच प्रेक्षक पादत्राणे काढीत आणि मद्रासेत जमलेल्या नाण्यांच्या थैल्या बैलगाडीतून पोलिसांच्या पहाऱ्यात न्याव्या लागल्या, असे सांगतात. पहिल्या खेळासाठी रात्र जागविणारा आजचा तरुण त्या प्रेक्षकांचाच पणतू आहे. उत्साह तोच आहे. बदलला आहे तो पडद्यावरचा वीर.

रत्नागिरीला तर या बाबतीत दूरचे उदाहरण शोधण्याचे कारणच नाही. १९२४ ते १९३७ या काळात स्वातंत्र्यवीर सावरकर याच जिल्ह्यात स्थानबद्ध होते. राजकारणात भाग घेण्यास त्यांना बंदी होती. त्या काळचे लोक नाटकांसाठी वेडे होते. म्हणून सावरकरांनी लोकांना दूषणे दिली नाहीत, तर स्वतः नाटके लिहिली. अस्पृश्यतेवर प्रहार करणारे 'उःशाप' १९२७ साली आले, तर शस्त्रसंन्यासाचा प्रश्न मांडणारे 'संन्यस्त खड्ग' १९३१ साली दीनानाथ मंगेशकरांच्या बलवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. त्याच वर्षी भागोजीशेठ कीरांच्या दातृत्वाने पतितपावन मंदिर उभे राहिले. 'चित्रपट', 'बोलपट', 'दिग्दर्शक' हे शब्दही सावरकरांच्या भाषाशुद्धीचे देणे मानले जाते. ज्या महापुरुषाने पडद्यासाठी शब्द घडविले, त्याच्या अनुयायांनी पडद्याकडे पाठ फिरवावी काय?

पाठ न फिरविणारेही निघाले. सुधीर फडके यांनी आयुष्याची अखेरची वर्षे वेचून आणि समाजाकडून निधी गोळा करून 'वीर सावरकर' हा चित्रपट २००१ साली लोकांसमोर आणला. २००५ साली व्ही. जी. सामंत यांनी 'हनुमान' हा सचेतनपट केला आणि त्याला बालगोपाळांनी मनापासून दाद दिली. परंतु असे प्रयत्न एकेकट्याच्या तपश्चर्येवर उभे राहिले. त्यातून परंपरा निर्माण झाली नाही.

त्याचे फळ २०२३ च्या जून महिन्यात दिसले. स्पायडरमॅनचा नवा सचेतनपट भारतात दहा भाषांत प्रदर्शित झाला आणि त्यांत मराठीही होती. त्यात पवित्र प्रभाकर नावाचा भारतीय कोळीमानव आहे. २००४ च्या सुमारास चित्रकथेतून तो प्रथम आला, तेव्हा त्याचा वेश धोतराचा होता आणि त्याला शक्ती देणारा एक योगी होता. परक्या व्यापाऱ्याने योगी ओळखला, धोतर ओळखले, मराठी भाषेचे मोलही ओळखले! त्याच महिन्यात ओम राऊत या मराठी दिग्दर्शकाचा 'आदिपुरुष' आला. शेकडो कोटींच्या त्या चित्रपटात हनुमंताच्या मुखी अशी सवंग भाषा घातली गेली की, लोकक्षोभानंतर निर्मात्यांना ती काही दिवसांतच बदलावी लागली. परका माणूस इथला वेश चढवून आला आणि घरच्या माणसाने घरच्या देवाला परका वेश चढविला. यातील अधिक लाजिरवाणे कोणते?

येथे पुरोगामी म्हणविणाऱ्या मंडळींचाही समाचार घेतला पाहिजे. थॉर हातोडा घेऊन पडद्यावर आला की ते 'निखळ मनोरंजन' असते. हनुमान गदा घेऊन आला की मात्र त्यांना त्यात 'प्रचार' दिसू लागतो. हा थॉर कोण? तो उत्तर युरोपातील लोकांचा देव होता. सुमारे हजार वर्षांपूर्वी ख्रिस्तीकरणाच्या रेट्यात त्याची पूजा थांबली. मग उरली ती कथा, आणि कथेचे झाले खेळणे. उपासक संपले की देवाचे पात्र होते! मारुतीच्या देवळात आजही शनिवारी तेल वाहिले जाते. म्हणूनच त्याला पडद्यावर आणणाऱ्याची जबाबदारी थॉरच्या निर्मात्याहून मोठी आहे. 'घरचा विषय आहे, चालवून घ्या' ही भाषा येथे भक्ती ठरत नाही. ती भक्तीशी प्रतारणा ठरते.

प्रेक्षकांची तहान आटलेली नाही, हे वारंवार सिद्ध झाले आहे. २०२४ साली तेलुगू भाषकांनी माफक खर्चात 'हनुमान' काढून देशभर यश मिळविले. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी 'छावा' आला आणि महाराष्ट्रातील चित्रपटगृहांत तरुण धाय मोकलून रडले. पण तो हिंदीत होता. त्याच राजावरचा 'शिवरायांचा छावा' हा दिग्पाल लांजेकर यांचा मराठी चित्रपट वर्षभर आधीच, १६ फेब्रुवारी २०२४ रोजी येऊन गेला होता. दोहोंना लोटलेल्या गर्दीत केवढे अंतर! मराठी निर्मात्यामागे हिंदीइतके भांडवल नसते, हे खरेच. परंतु पहिल्या आठवड्यात तिकीट काढण्यासाठी भांडवल लागत नाही, अगत्य लागते. ते ज्या घरांनी दाखविले नाही, त्यांना परक्या अतिमानवांविरुद्ध तक्रार करण्याचा अधिकार उरत नाही.

तेव्हा मुलांना हटकणे पुरे झाले. घरात कथा सांगितली जावी. चित्रकलेत हात असलेल्या मुलाला सचेतनपटाचे शिक्षण घेऊ द्यावे. चांगल्या मराठी चित्रपटाला पहिल्याच दिवशी सहकुटुंब जावे आणि वाईटाला, विषय कितीही पवित्र असो, निर्भीडपणे वाईट म्हणावे. समर्थ रामदासांनी गावोगावी मारुती स्थापिले ते नुसत्या दर्शनासाठी नव्हे, बलोपासनेसाठी. स्पायडरमॅनला बळ मिळते ते कोळ्याच्या दंशाने, अपघाताने. मारुतीच्या उपासकाला ते मिळते नित्याच्या सूर्यनमस्कारांनी आणि दंडबैठकांनी. ही वाट रत्नागिरीतील प्रत्येक मुलासाठी मोकळी आहे. ती दाखविणारे हात मात्र वडीलधाऱ्यांचे हवेत.