विश्लेषण : हॉटेल-दुकानांच्या कचऱ्याचा खर्च कमी होऊ शकतो का? छत्रपती संभाजीनगरचे गणित काय सांगते?

देशात १ एप्रिल २०२६ पासून घनकचरा व्यवस्थापनाचे नवे नियम लागू झाले आहेत. २०१६ च्या नियमांची जागा त्यांनी घेतली आहे. आता कचऱ्याचे चार भाग करावे लागतील : ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. रंगाचे डबे, बल्ब, जुनी औषधे यांचा समावेश शेवटच्या भागात होतो. जास्त कचरा करणाऱ्या आस्थापनांवर वेगळी जबाबदारीही टाकण्यात आली आहे. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरमधील हॉटेल, मंगल कार्यालये, रुग्णालये आणि मॉल यांचा खर्च वाढणार का, हा प्रश्न आहे. उत्तर बरेचसे एकाच गोष्टीवर अवलंबून आहे : कचरा एकत्र दिला जातो की वेगळा.

शहराला कचऱ्याची किंमत कधी कळली?

अनेक दशके शहराचा कचरा नारेगावच्या डेपोवर जात होता. प्रक्रिया जवळपास नव्हतीच. गाडी भरायची आणि रिकामी करायची, एवढाच काय तो खर्च दिसायचा. बाकीची किंमत नारेगाव, मांडकी परिसरातील गावे मोजत होती. दुर्गंधी, धूर आणि विहिरींचे खराब झालेले पाणी, या त्यांच्या तक्रारी होत्या.

१६ फेब्रुवारी २०१८ पासून गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानेही तिथे कचरा टाकण्यास मनाई केली. तेव्हा शहरातून रोज सुमारे ४५० टन कचरा निघत होता आणि तो टाकायला जागा उरली नाही. रस्त्यांवर ढीग साचले. पर्यायी जागेच्या शोधात ७ मार्चला मिटमिट्यात दगडफेक आणि लाठीमार झाला. तत्कालीन पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवावे लागले, महापालिका आयुक्तांची बदली झाली.

त्यानंतर चिकलठाणा, पडेगाव आणि हर्सूल येथे प्रक्रिया प्रकल्प उभे राहिले. कांचनवाडीत ओल्या कचऱ्यापासून गॅस तयार करणारा, रोज ३० टन क्षमतेचा प्रकल्प झाला. पण अशा प्रकल्पांना निवडलेला कचरा लागतो. ओल्या कचऱ्यात पिशव्या, काचा, चमचे आले की यंत्रे अडतात आणि माणसे लावून तो पुन्हा निवडावा लागतो. दुकानात दोन मिनिटांत होणारे काम प्रकल्पावर कितीतरी महाग पडते.

‘मोठा कचरा निर्माता’ कोणाला म्हणायचे?

२०१६ च्या नियमांत दिवसाला सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणारी आस्थापना मोठी मानली जात होती. नव्या नियमांत तीन निकष आहेत : २० हजार चौरस मीटर किंवा अधिक बांधकाम क्षेत्र, दिवसाला ४० हजार लिटर किंवा अधिक पाणीवापर, किंवा १०० किलो किंवा अधिक कचरा. यांपैकी एक जरी लागू झाला, तरी ती आस्थापना या वर्गात येते.

अशा आस्थापनांनी ओल्या कचऱ्यावर शक्यतो आपल्याच आवारात प्रक्रिया करायची आहे. जागेअभावी ते जमत नसेल, तर ही जबाबदारी इतरत्र पार पाडल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागेल. म्हणजे जागा नसल्याने सुटका होत नाही, पैसे मोजावे लागतात. शंभर किलोच्या शंभर आस्थापनांनी जरी आवारातच प्रक्रिया केली, तरी शहराच्या गाड्यांवरचा रोजचा काही टन भार कमी होईल.

वर्गीकरणातून पैसे कसे वाचतात?

पहिला फायदा विक्रीचा. कोरडा पुठ्ठा, पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या, तेलाचे पत्र्याचे डबे यांना भंगार बाजारात वजनावर भाव मिळतो. त्याच पुठ्ठ्यावर उरलेली आमटी सांडली की तो रद्दी राहत नाही, कचरा होतो. वस्तू तीच, पण एका बादलीत टाकली तर पैसे देते आणि दुसरीत टाकली तर पैसे मागते.

काचेचे उदाहरण या शहराला जवळचे आहे. वाळूज आणि चिकलठाणा परिसरात बिअरचे कारखाने आहेत. बिअरच्या जुन्या बाटल्या गोळा होऊन, धुऊन पुन्हा भरल्या जातात. त्यामुळे हॉटेल आणि परमिट रूमच्या मागच्या दाराने बाटल्या सहसा कचऱ्यात जात नाहीत, व्यापाऱ्याकडे जातात. हे कुठल्या मोहिमेमुळे घडले नाही. अख्ख्या बाटलीला गिऱ्हाईक आहे, म्हणून घडले. फुटली की ती फक्त काच उरते आणि तिचा भाव पडतो.

दुसरा फायदा वजनाचा. स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यात पाणीच जास्त असते. तो आवारातच खत किंवा गॅससाठी वापरला, तर ते पाणी शहरभर वाहून नेण्याचा खर्च वाचतो.

तिसरा फायदा शुल्काचा. नव्या नियमांनुसार वर्गीकरण न केलेला कचरा भराव क्षेत्रात नेला, तर स्थानिक संस्थेला जास्त शुल्क पडणार आहे. हा खर्च शेवटी कर किंवा वापर शुल्काच्या रूपाने दुकानदार आणि नागरिकांपर्यंतच येतो.

लहान दुकानांचे काय?

खरी अडचण इथे आहे. गुलमंडी, शहागंज, औरंगपुऱ्यातील बहुतेक दुकाने १०० किलोच्या जवळपासही जात नाहीत. एका कापड दुकानातून दिवसाला चार खोकी आणि थोडे प्लास्टिक निघते. तेवढ्यासाठी भंगारवाला रोज येत नाही आणि खोकी साठवायला जागा नसते. मग ती रात्री रस्त्यावर येतात.

यावर उपाय एकत्र येण्याचा आहे. एका गल्लीतील तीस-चाळीस दुकानांनी पुठ्ठा आणि प्लास्टिक एका जागी ठेवले आणि ठरलेल्या दिवशी उचलायला दिले, तर भाव मिळण्याइतके वजन होते. जाधववाडीच्या बाजार समितीत तर ओला कचरा एकाच आवारात जमतो. पालेभाज्यांचे देठ आणि सडका माल बाहेर नेण्याआधीच वेगळा ठेवणे तिथे तुलनेने सोपे आहे.

व्यवस्था कुठे अडखळू शकते?

दुकानदाराने वेगळा केलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्र झाला, तर त्याची मेहनत वाया जाते आणि सवयही मोडते. दुसरे म्हणजे, वेगळा कचरा देणारा आणि न देणारा दोघांना सारखेच शुल्क असेल, तर वर्गीकरण करण्यात दुकानदाराचा फायदा उरत नाही.

तिसरा मुद्दा कचरावेचकांचा. सुका कचरा थेट मोठ्या ठेकेदाराकडे गेला, तर ज्यांनी आजवर नोंदीशिवाय, हातमोज्यांशिवाय पुनर्वापराचे काम केले, त्यांचेच उत्पन्न जाईल. २०१६ च्या नियमांनीही त्यांना व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितले होते. बाजारपेठांतील संकलनाचे काम त्यांच्या गटांना दिले, तर व्यापाऱ्यांना नियमित सेवा मिळेल आणि त्यांना हक्काचा माल.

थोडक्यात, पुनर्वापरामुळे प्रत्येक कचऱ्याचे पैसे होत नाहीत. बिस्किटांची, वेफरची बहुस्तरीय वेष्टने किंवा थर्माकोल यांना आजही फारसे गिऱ्हाईक नाही. पण विकता येणारा आणि कुजणारा भाग बाजूला काढला, की ज्यासाठी पैसे मोजावे लागतात तो ढीग बराच लहान होतो. हे काम बाजारपेठेत झाले नाही, तर त्याची किंमत शहराबाहेरचे एखादे गाव मोजते, हे नारेगावने २०१८ मध्ये दाखवून दिले आहे.