शवासनाला वेळ कोणाचा?

योगेंद्रजींनी 1918 साली वर्सोव्याला स्थापन केलेली आणि पुढे सांताक्रूझला स्थिरावलेली योगसंस्था संन्याशांसाठी नव्हे, गृहस्थांसाठी होती. शवासन, दीर्घ श्वसन, पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक स्नायू आवळून सैल सोडणे, हे उपाय आज वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांना सुचविले जातात. उपाय गुणकारी आहेत. त्यांची टवाळी आम्ही करणार नाही. परंतु घाटकोपरच्या एका खोलीच्या बिऱ्हाडात अंथरुणाला खिळलेल्या सासूचे सारे करणाऱ्या सुनेने आडवे कोठे व्हावे? ती डोळे मिटून पडली असता म्हातारीने हाक मारली, तर उठावे कोणी? (घरातला कर्ता पुरुष बहुधा उठत नाही.) 2007 च्या कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी सज्ञान मुलांवर टाकली, सेवा करणारीच्या विश्रांतीविषयी त्यात अवाक्षर नाही. महापालिकेच्या दवाखान्यांतून अशा घरांना काही तासांपुरती बदली परिचारिका मिळालीच पाहिजे, ही मागणी आपण लावून धरावी. तोवर अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतच्या प्रत्येक शाखेने आठवड्यातून दोन तास आपले कार्यकर्ते रुग्णाच्या उशाशी बसावयास पाठवावेत. पुरुष कार्यकर्तेसुद्धा.