शेतातील कोळी आणि विषाचा व्यापार

तपकिरी तुडतुडा ही भाताची कीड कोणी माजवली, याचे उत्तर इंडोनेशियाने देऊन ठेवले आहे. १९७० च्या दशकात तेथील सरकारने किमतीचा मोठा भाग स्वतः सोसून कीटकनाशके शेतकऱ्यांच्या गळी उतरवली. परिणाम उलटा झाला. तुडतुड्याने लाखो एकर पीक करपवले. त्याची अंडी रोपाच्या आत असतात, म्हणून ती फवारणीतून वाचतात. मरतात ते त्याला खाऊन त्याची संख्या आवाक्यात ठेवणारे कोळी व कीटक. शत्रू नाहीसे होताच तुडतुडा बेसुमार वाढतो. मग पुन्हा फवारणी आणि पुन्हा खर्च!

अखेर १९८६ मध्ये सुहार्तो सरकारला भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घालावी लागली. उत्पादन घटले नाही. १९८९ पासून शेतावरच शेतकऱ्यांच्या शाळा भरू लागल्या; तेथे कोण कोणाला खातो हे शेतकरी स्वतः पाहू लागले.

फुकट राबणाऱ्या कोळ्यापासून कोणत्याही कंपनीला नफा मिळत नाही. म्हणूनच त्याची जाहिरात होत नाही. आपल्या भातखाचरांतही हाच तुडतुडा आहे आणि त्याला खाणारे कोळीही आहेत. सरकारी पैसा विषावर नव्हे, शेतकऱ्यांच्या ज्ञानावर खर्च झाला पाहिजे, ही मागणी किसान चळवळीने नेटाने लावून धरली पाहिजे.